कितीपैकी किती? आकडे, संमती आणि शिकाऊ डॉक्टर

१९७८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूलशी जोडलेल्या रुग्णालयांमध्ये ६० जणांना एक गणित घातलं गेलं. त्यांत २० शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते, २० निवासी डॉक्टर आणि २० वरिष्ठ. गणित असं: एक आजार १,००० माणसांत एकाला असतो. त्याची चाचणी निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोकांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. ज्याच्या लक्षणांविषयी तुम्हाला काहीच ठाऊक नाही अशा एका माणसाची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याला तो आजार खरोखर असण्याची शक्यता किती?

२७ जण म्हणाले, ९५ टक्के. बरोबर उत्तर होतं सुमारे २ टक्के, आणि ते सांगणारे निघाले ११. २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटाने तोच प्रश्न बॉस्टनमधल्या ६१ जणांना विचारला. या वेळी १४ जणांचं बरोबर आलं. मधल्या ३६ वर्षांत वैद्यकशास्त्र कुठल्या कुठे गेलं, हे गणित मात्र जवळजवळ होतं तिथेच राहिलं.

तसं ते अवघड नाही. टक्केवारी बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. १,००० माणसं घ्या. एकाला आजार आहे, आणि चाचणी त्याला पकडते असं धरू. उरले ९९९ निरोगी. त्यांच्यातले ५ टक्के, म्हणजे ५० जण, विनाकारण पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५१, त्यांतला खरा आजारी एक. झालं. शाळकरी मुलाला जमेल एवढंच आहे. तरी हुशार माणसं चुकतात, कारण '५ टक्के चूक' ऐकलं की मन परस्पर '९५ टक्के खरं' असा अर्थ लावून मोकळं होतं. ते ५ टक्के कोणाचे, हे विचारायचं राहूनच जातं.

हा एकच प्रश्न मला इथे लावून धरायचा आहे: कितीपैकी किती? डॉक्टरकीच्या शिक्षणात जैवसांख्यिकी हा एक विषय, वैद्यकीय नीतिशास्त्र हा दुसरा आणि संवाद, वर्तन, जबाबदारी वगैरे 'क्षमतां'चा तिसरा खण. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकायचे विषय अशीच तिन्हींची ख्याती. माझं म्हणणं असं की वॉर्डात पाऊल टाकलं की हे तीन विषय वेगळे राहतच नाहीत. रुग्णाला चुकीचा आकडा सांगून घेतलेली संमती ही संमती नसते. आकडा बरोबर असूनही तो त्याला कळेल असा सांगता आला नाही, तर तीही नसते.

पुस्तकाचा प्रश्न आणि रुग्णाचा प्रश्न

सेन्सिटिव्हिटी म्हणजे खरोखर आजारी असलेल्यांपैकी किती जणांना चाचणी पकडते. स्पेसिफिसिटी म्हणजे निरोगी असलेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर सोडून देते. दोन्ही व्याख्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. गोची अशी की दोन्ही व्याख्या 'आजार आहे की नाही हे आधीच माहीत आहे' इथून सुरू होतात. रुग्ण तर नेमकं तेच विचारायला आलेला असतो. त्याच्या हातात रिपोर्ट आहे आणि त्याला आजाराबद्दल जाणून घ्यायचंय. म्हणजे प्रश्न बरोबर उलटा. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी किती, याला प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू म्हणतात, आणि ती एकट्या चाचणीवर ठरत नाही. चाचणी कोणाची केली, यावरही ठरते.

एक काल्पनिक चाचणी घेऊ: सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, स्पेसिफिसिटी ९५ टक्के. कसलाही त्रास नसलेल्या १०,००० लोकांची सरसकट तपासणी केली, आणि त्यांच्यात १ टक्का लोकांना आजार आहे. १०० आजाऱ्यांपैकी ९० सापडतील. ९,९०० निरोगी माणसांपैकी ४९५ जण उगाचच पॉझिटिव्ह येतील. एकूण ५८५ मध्ये खरे ९०, म्हणजे १०० मध्ये १५ च्या आसपास. आता हीच चाचणी तज्ज्ञांच्या ओपीडीत न्या. तिथे लक्षणं असलेले, दुसऱ्या डॉक्टरांनी चाळून पाठवलेले रुग्ण येतात. त्यांच्यात ३० टक्क्यांना आजार असेल, तर १०,००० मध्ये खरे पॉझिटिव्ह २,७०० आणि खोटे फक्त ३५०. आता पॉझिटिव्ह रिपोर्ट १०० पैकी जवळजवळ ८९ वेळा खरा. यंत्र तेच, प्रयोगशाळा तीच, रिपोर्टवरचा शिक्काही तोच. म्हणूनच 'ही चाचणी किती भरवशाची?' याचं उत्तर रुग्ण कोण ते कळल्याशिवाय देता येत नाही. इतिहास विचारणं आणि रुग्णाला हात लावून तपासणं ही जुन्या पिढीची हौस नव्हे. चाचणीच्या आधीची शक्यता तिथेच ठरते.

आता हा आकडा बोलून दाखवायचाय. एक निवासी डॉक्टर म्हणते, "ताई, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. ही चाचणी ९५ टक्के अचूक असते." यातलं एकही विधान तसं खोटं नाही, आणि समोरची बाई घरी जाते ती आपल्याला ९५ टक्के आजार आहे असं समजून. दुसरी तेच असं सांगते:

"ताई, रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, म्हणजे पुढची तपासणी करायला लागेल. पण एवढ्यावरून आजार आहे असं म्हणता येत नाही. तुमच्यासारख्या, काही त्रास नसलेल्या १०० जणींचा हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर साधारण १५ जणींना आजार निघतो. बाकी ८५ जणींना काही नसतं."

"म्हणजे मला नाही असंच धरू ना?"

"नाही, तसंही नका धरू. १५ म्हणजे काही कमी नाहीत. तुम्ही त्या १५ मध्ये की ८५ मध्ये, ते पुढच्या तपासणीत कळेल. ती चुकवू नका."

"त्यात दुखतं का हो?"

शेवटचा प्रश्न नेहमी असाच येतो, आणि तो विषयांतर नसतो. आकडा पोचला, आता ती पुढचं पाऊल टाकायला तयार होतेय, याची ती खूण असते.

दुप्पट म्हणजे किती?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना तातडीचा इशारा पाठवला: तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि असंख्य बायकांनी गोळ्या एकदम थांबवल्या. प्रत्यक्ष फरक काय होता? जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० जणींपैकी साधारण एकीला गुठळी व्हायची, नव्या घेणाऱ्या ७,००० पैकी दोघींना. एकाचे दोन, म्हणजे दुप्पट. १०० टक्के वाढ. दोन्ही वाक्यं खरी. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० जास्तीचे गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. वर कडी अशी की गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो.

'दुप्पट' हा सापेक्ष धोका. '७,००० मध्ये एक जास्त' हा निव्वळ फरक. बातम्यांना, औषधांच्या जाहिरातींना आणि खरं सांगायचं तर शोधनिबंधांच्या सारांशांनाही सापेक्ष आकडा आवडतो, कारण तो भारदस्त दिसतो. समजा एका गोळीने पाच वर्षांत हार्ट अटॅक येणाऱ्यांचं प्रमाण १०० मध्ये ४ वरून ३ वर येतं. जाहिरात म्हणेल: धोका २५ टक्क्यांनी कमी! त्याचंच दुसरं रूप: १०० जणांनी पाच वर्षं रोज गोळी घेतली, तर एकाचा अटॅक टळतो. या १०० ला नंबर नीडेड टू ट्रीट म्हणतात. ही गोळी देऊ नये असं मी म्हणत नाही. एखाद्याला १०० मध्ये एक हा सौदा मोलाचा वाटेल, दुसऱ्याला रोजची गोळी आणि तिचे दुष्परिणाम नको वाटतील. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. पण त्याला फक्त '२५ टक्के' एवढंच सांगितलं, तर निर्णय तुम्हीच घेऊन टाकलात आणि त्याची फक्त मान डोलावून घेतलीत.

शब्दांची बाजूही तेवढीच घातक. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया की रेडिएशन, असा पर्याय देणारा एक अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना सांगितलं, शस्त्रक्रियेतून १०० पैकी ९० जण वाचतात; काहींना सांगितलं, १०० पैकी १० जण दगावतात. आकडा एकच, पण 'दगावतात' ऐकणाऱ्यांमध्ये रेडिएशन निवडणारे लक्षणीय वाढले. या जाळ्यात रुग्णांबरोबर डॉक्टरही सापडले. त्यामुळे दोन्ही बाजू सांगायच्या, एका श्वासात: ९० वाचतात, १० दगावतात.

सांगितलंच नाही, तर

स्कॉटलंडमधल्या एका रुग्णालयात १९९९ मध्ये एक मधुमेही, लहान चणीची बाई बाळंतपणासाठी दाखल होती. मधुमेही आईचं बाळ मोठं असू शकतं आणि प्रसूतीच्या वेळी त्याचा खांदा अडकण्याची शक्यता ९ ते १० टक्के असते. तिने मोठ्या बाळाबद्दल काळजी बोलून दाखवली होती. डॉक्टरांनी खांद्याच्या धोक्याविषयी सांगितलं नाही. त्यांचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा होता: खांदा अडकला तरी बाळाला गंभीर इजा होण्याचं प्रमाण फार कमी, आणि हे सगळ्यांना सांगत बसलं तर सगळ्याच जणी सिझेरियन मागतील. खांदा अडकला, बाळाला काही मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही आणि ते सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे येणारं हालचालींचं अपंगत्व) घेऊन जन्माला आलं. खटला २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि आईच्या बाजूने निकाल लागला.

या निकालाने मोजपट्टीच बदलली. आधीची पट्टी अशी होती की इतर जबाबदार डॉक्टरांनी एवढंच सांगितलं असतं का. नवी पट्टी विचारते: या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला हा धोका महत्त्वाचा वाटला असता का? किंवा हा विशिष्ट रुग्ण त्याला महत्त्व देईल, हे डॉक्टरला कळायला हवं होतं का?

मला या खटल्यात सगळ्यात बोलकी वाटते ती युक्तिवादाची दुसरी पायरी. सांगितलं तर बहुतेक जणी वेगळा निर्णय घेतील, हे तर सांगायला हवं होतं याचंच सगळ्यात मोठं कारण! डॉक्टरांची पहिली पायरीही अगदीच पोकळ नव्हती. बाळाला कायमची इजा खरोखर क्वचित होते. पण त्यांनी तो एकच आकडा धरला. आईच्या दृष्टीने दोन आकडे होते: १० पैकी एका वेळी खांदा अडकून धावपळ उडणार, आणि त्या धावपळीतून फार थोड्या बाळांना कायमची इजा होणार. पहिल्या आकड्याचं भय तिला वाटणं रास्त होतं. कुठला धोका 'लहान' हे आकडा एकटा ठरवत नाही. गायकाला आवाजाच्या तंतूंना इजा होण्याचा १०० मध्ये एक धोका आपल्याइतका किरकोळ वाटणार नाही.

नीतिशास्त्राची चार तत्त्वं प्रत्येक विद्यार्थ्याला येतात: रुग्णाची स्वायत्तता, त्याचं भलं करणं, अपाय न करणं आणि न्याय. पाठ करायला ती सोपी, कारण प्रत्येक तत्त्व एकेकटं घेतलं तर कोणाचाच विरोध नसतो. कसोटी लागते ती दोन तत्त्वं एकमेकांसमोर उभी ठाकली की. वरच्या खटल्यात डॉक्टरांना आपण आईचं भलंच करतोय असं वाटत होतं.

मिथुन आणि तूळ

पी-व्हॅल्यूचा अर्थ विचारला तर दहातले नऊ विद्यार्थी सांगतील, 'निष्कर्ष योगायोगाने आला असण्याची शक्यता' (हा 'दहातले नऊ' माझा अंदाज, सर्वेक्षण नव्हे). तो अर्थ चूक आहे. खरा अर्थ आधी एक गृहीत धरतो: औषधाचा काहीच परिणाम नाही. हे धरल्यावर, एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. औषध गुणकारी असण्याची शक्यता ती सांगत नाही, आणि परिणाम किती मोठा आहे हे तर अजिबातच नाही. ०.०५ ची सीमारेषाही निसर्गाने आखलेली नाही. सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये ती सोयीची म्हणून सुचवली आणि पुढे ती देवळातल्या मूर्तीसारखी पुजली गेली. शेवटी २०१६ मध्ये अमेरिकन सांख्यिकी संघटनेला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं की या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका.

योगायोग किती चलाख असतो, याचं माझं आवडतं उदाहरण १९८८ चं आहे. हार्ट अटॅकचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांवर ॲस्पिरिनची चाचणी झाली. तिचं नाव आयसिस-२. पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांशी संबंधित मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले. म्हणजे साधारण ४२ जणांना ॲस्पिरिन दिली की एक मृत्यू टळतो. इतक्या स्वस्त, साध्या गोळीसाठी हा आकडा डोळे दिपवणारा आहे. पण निकालाचे छोट्या गटांत तुकडे पाडून दाखवण्याची मागणी आली, तेव्हा संशोधकांनी मुद्दाम आणखी एक तुकडा पाडला: जन्मराशींप्रमाणे. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने किंचित अपायच होतो, असं त्यात 'सिद्ध' झालं! हसू येतं ना? पण 'साठीच्या पुढच्या, मधुमेह नसलेल्या स्त्रियांमध्ये फायदा दिसला नाही' असं वाक्य वाचताना येत नाही, आणि घडलेलं असू शकतं अगदी तेच. काहीच परिणाम नसलेल्या २० गोष्टी एकेक करून तपासल्या, तर निदान एक तरी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते.

म्हणून पी-व्हॅल्यूआधी कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा परिणाम बहुधा ज्या मर्यादांत असेल तो पट्टा, वाचावा. एका औषधाने रक्तदाब सरासरी २ ने उतरतो, इंटरव्हल १ ते ३, पी-व्हॅल्यू अगदी चिमुकली. परिणाम खरा, पण रुग्णाला त्याचं काय? उलट, एका छोट्या चाचणीत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसतात आणि इंटरव्हल '६० टक्के कमी' पासून '२० टक्के जास्त' पर्यंत पसरलेला. हे 'औषध निरुपयोगी' नव्हे. 'अजून कळलेलं नाही' एवढंच. डग्लस ऑल्टमन या सांख्यिकीतज्ज्ञाने १९८० पासूनच बजावलं होतं की सदोष आकडेमोड हा नीतीचा प्रश्न आहे. ज्या अभ्यासातून उत्तर निघणंच शक्य नाही, त्यात माणसांना धोक्यात का घालायचं?

जिथे खात्री होती

हार्ट अटॅकनंतर हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात, आणि असे रुग्ण अचानक मरण्याची शक्यता जास्त असते. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ते चुकार ठोके झकास थांबत. म्हणजे मृत्यूही थांबणार, हे ओघानेच आलं; ही औषधं सर्रास दिली जात होती. पुढे कास्ट नावाची चाचणी झाली. १९९१ मध्ये आलेल्या तपशीलवार निकालात औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ रुग्ण मरण पावले होते, प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) घेणाऱ्या ७४३ पैकी २६. भागाकार केला तर दर २१ रुग्णांमागे एक जास्तीचा मृत्यू. ईसीजी सुधारत होता आणि रुग्ण जात होते.

अशा चाचणीत निम्म्या रुग्णांना प्लासिबो देणं अनैतिक वाटणारे डॉक्टर होते. त्यांच्या भावनेत खोट नव्हती. खोट खात्रीत होती. १९८७ मध्ये नीतितज्ज्ञ बेंजामिन फ्रीडमन यांनी यावर एक नीट उत्तर मांडलं: एका डॉक्टरच्या मनातली खात्री महत्त्वाची नाही, जाणकारांच्या समूहात खरोखर मतभेद असेल, तर चिठ्ठ्या टाकून रुग्णांना दोन गटांत वाटणं नैतिक ठरतं. आणि मतभेद मिटल्यावर तेच वाटप अनैतिक होतं.

मतभेद मिटल्यावरही उपचार रोखून धरणं किती अनैतिक होतं, याचा नमुना म्हणजे टस्कीगी. १९३२ पासून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातल्या ३९९ सिफिलिसग्रस्त आणि २०१ सिफिलिस नसलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर 'निरीक्षण' ठेवलं. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नव्हतं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं, गुणकारी ठरलं, तरी ते त्यांच्यापासून दूर ठेवलं गेलं. हे १९७२ पर्यंत चाललं, आणि चोरून नव्हे: निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. संमतीशिवाय माणसावर प्रयोग नको, हे १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या नीतीचा १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामाही येऊन गेला होता. नियम नव्हते म्हणून हे घडलं असं म्हणायला जागाच नाही. ते निबंध वाचणाऱ्या शेकडो डॉक्टरांपैकी फार थोड्यांना ते खटकले, ही त्यातली खरी अडचण.

क्षमता कोण मोजणार?

अमेरिकेत निवासी प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये सहा क्षमता ठरवल्या: रुग्णसेवा, वैद्यकीय ज्ञान, स्वतःच्या कामातून शिकणं, संवाद, व्यावसायिक वर्तन आणि व्यवस्थेचं भान. कॅनडाच्या आराखड्यात त्याच गोष्टी सात भूमिका म्हणून येतात. याद्या पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. जास्त कामाची आहे वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांची १९९० ची चार पायऱ्यांची मांडणी: माहीत आहे, कसं करायचं हे माहीत आहे, करून दाखवता येतं, आणि रोजच्या कामात खरोखर करतो. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते, ओस्की (ठरावीक कामं परीक्षकासमोर करून दाखवायची परीक्षा) तिसरीवर. चौथी पायरी रात्री तीन वाजताच्या वॉर्डातच दिसते, आणि तिथे परीक्षक नसतो.

मग माणसाने स्वतःच स्वतःला जोखावं? २००६ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. डॉक्टरांचा स्वतःबद्दलचा अंदाज आणि बाहेरून मोजलेली कामगिरी यांच्या २० तुलनांपैकी १३ मध्ये दोहोंत संबंध जेमतेम, किंवा नव्हताच, किंवा उलटा होता.

वर्तनाबद्दल २००५ चा एक अभ्यास वरिष्ठ मंडळी हमखास ऐकवतात. परवाना मंडळाने कारवाई केलेल्या २३५ डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतल्या नोंदी ४६९ इतरांशी ताडून पाहिल्या. कारवाई झालेल्यांपैकी ३९ टक्क्यांच्या नोंदीत गैरवर्तनाचा शेरा होता, इतरांपैकी १९ टक्क्यांच्या. ऑड्स रेशो, म्हणजे दोन्ही गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर, ३. सगळ्यात जड निघाला बेजबाबदारपणा: बोलावल्यावर न येणं, रुग्णाचं काम अर्धवट सोडणं. यावरून 'शेरा मिळालेला विद्यार्थी पुढे दिवे लावणार' असं ठरवून टाकायचा मोह होतो. पण इथेही प्रश्न उलटा आहे. अभ्यास कारवाई झालेल्यांपासून मागे गेला. आपल्याला शेऱ्यापासून पुढे जायचंय. समजा १,००० विद्यार्थ्यांपैकी १० जणांवर पुढे कधीतरी कारवाई होते. त्यांतल्या ४ जणांना शेरा असेल. उरलेल्या ९९० पैकी १८८ जणांनाही असेल. शेरा असलेले १९२, कारवाई होणारे ४. विद्यार्थ्यावर शिक्का मारायला हे पुरावा म्हणून पुरत नाही. त्याला वेळेत बोलावून, नेमकं काय चुकतंय ते सांगायला आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायला मात्र पुरेसं कारण आहे.

म्हणून आता भर दिला जातो तो विश्वासाने काम सोपवण्यावर. डच शिक्षणतज्ज्ञ ओले टेन केट यांनी २००५ मध्ये ही कल्पना मांडली. गुण देण्याऐवजी वरिष्ठाने एका नेमक्या कामाबद्दल ठरवायचं: याने अजून फक्त बघावं, मी शेजारी असताना करावं, मी हाकेच्या अंतरावर असताना करावं, एकट्याने करावं, की इतरांवर देखरेख करावी? प्रश्न अगदी व्यवहारी आहे, आणि त्यात आकडेमोड, नीती आणि वर्तन आपोआप एकत्र येतात. संमती घेणं हे काम या पट्टीवर ठेवून बघा. कित्येक ठिकाणी ते सगळ्यात कनिष्ठाकडे जातं. शस्त्रक्रिया ज्याने धड पाहिलेली नाही, तो कागद पुढे करतो आणि म्हणतो, "काका, इथे सही करा." माझ्या मते हे काम निदान दुसऱ्या पायरीपासून सुरू व्हावं: कनिष्ठाने बोलावं, वरिष्ठाने शेजारी बसून ऐकावं. शेवटी "समजलं का?" असं विचारू नये, कारण त्याला सगळे 'हो'च म्हणतात. "घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल?" असं विचारावं, आणि मग ऐकावं.

या संभाषणात एक आकडा हमखास गाळला जातो. निबंधातलं गुंतागुंतीचं प्रमाण बहुधा मोठ्या केंद्रांतलं आणि अनुभवी हातांचं असतं. रुग्णावर उपचार होणार ते या रुग्णालयात, आणि कदाचित शिकणाऱ्या हातांनी. त्याने विचारलंच, "डॉक्टर, तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत?" तर "आमच्या टीमने शेकडो केलीत" हे खरं असूनही उत्तर नव्हे. "मी स्वतः चार केलीत, प्रत्येक वेळी सर सोबत होते. आजही ते टेबलवर असतील आणि गरज पडली तर पुढचं तेच करतील," हे उत्तर. यावर रुग्ण म्हणाला की मला सरांकडूनच करून हवंय, तर ते कागदावर लिहायचं, सरांच्या कानावर घालायचं आणि यामुळे तुमच्या उपचारात काहीही कमी पडणार नाही, हे रुग्णाला तिथल्या तिथे सांगायचं.